परिचालन प्रणाली व मराठी वापरकर्ते

संगणकाची स्मृती, पडदा, कळफलक, मुद्रक व साठवणीची साधने यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या आणि इतर सर्व कार्यक्रमांना ही साधने वापरू देणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणाली म्हणतात. व्यवहारात ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हाच शब्द रूढ आहे. ही आज्ञावली प्रथम माणसाला वाचता येईल अशा संगणकभाषेत लिहिली जाते. या लिखित रूपास मूळ आज्ञावली किंवा ‘सोर्स कोड’ म्हणतात. तिचे यंत्रास समजणाऱ्या अंकरूपात रूपांतर केले जाते व ग्राहकाच्या हाती बहुधा एवढे अंकरूपच पडते. त्यामुळे ग्राहक प्रणाली वापरू शकतो. परंतु तीत काही उणीव आढळल्यास ती स्वतः भरून काढू शकत नाही. मूळ आज्ञावली हाती नसलेल्या वापरकर्त्यांनी अशा प्रणालींत नवी सोय कशी घडवून आणली, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मराठी लिपीची सोय होय.

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किमी. वर असलेल्या पन्हाळा या किल्ल्याचे नुसते नाव लिहू गेल्यास प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येते. कागदावर ‘पन्हाळा’ या शब्दाची तीन अक्षरे आहेत. संगणकाच्या स्मृतीत मात्र आजच्या पद्धतीने तो सात संकेतांच्या ओळीने साठविला जातो : प, न, हलन्त चिन्ह, ह, काना, ळ व पुन्हा काना. या सात संकेतांतून न चा अर्धा भाग ह ला जोडून ‘न्हा’ हे जोडाक्षर पडद्यावर उमटविणे हे काम कोणी करावयाचे? एखाद्या लेखनाच्या कार्यक्रमाने ते केले, तर त्या कार्यक्रमापुरतेच मराठी दिसेल. फाइलचे नाव, प्रणालीचे संदेश, याद्यांचा अकारविल्हे क्रम, शोध व छपाई या सर्व ठिकाणी मराठी हवी असेल, तर ते काम परिचालन प्रणालीनेच केले पाहिजे. आणि परिचालन प्रणाली तर परदेशी कंपनीची, तिची मूळ आज्ञावली बंद. या कोंडीतून मराठी वापरकर्ता ज्या निरनिराळ्या मार्गांनी बाहेर पडला, त्यांचा हा इतिहास आहे.

प्रश्नाचा जुना अवतार : हा प्रश्न भारतापुरता किंवा लिपीपुरता मर्यादित नाही. आय. बी. एम. ७०४ हा संगणक वापरणाऱ्या अमेरिकन संस्थांनी १९५५ मध्ये लॉस अँजेल्सच्या परिसरात ‘शेअर’ नावाची वापरकर्त्यांची संघटना स्थापन केली. त्या काळी आज्ञावली यंत्राबरोबर मूळ रूपातच मिळे; त्यामुळे सभासद आपापल्या सुधारणा एकमेकांस देत असत. त्यांनी पुढच्या ७०९ या संगणकासाठी एक परिचालन प्रणालीही उभी केली. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या ग्राहकांची अशीच ‘डेकस’ ही संघटना १९६१ मध्ये निघाली. १९६९ मध्ये आय. बी. एम. ने आज्ञावलीची किंमत यंत्राच्या किंमतीपासून वेगळी करण्याचे जाहीर केले आणि १९८३ च्या फेब्रुवारीत यापुढे केवळ यंत्ररूप आज्ञावलीच देण्याचे धोरण घोषित केले. स्वतः दुरुस्ती करण्याची सवय असलेल्या ग्राहकांनी याला मोठा विरोध केला. तथापि ‘शेअर’ ची खरी शक्ती दुसऱ्याच गोष्टीत होती. सभासदांच्या मागण्या लेखी मांडावयाच्या, त्यांवर मते घ्यावयाची व कंपनीकडून प्रत्येक मागणीला उत्तर मिळवावयाचे, अशी रीत तेथे बसली होती. मूळ आज्ञावली गेली तरी ती रीत टिकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलीचा ‘जीएनयू’ प्रकल्प घोषित केला, हा योगायोग लक्षणीय आहे. पुढील कथेत हे दोन्ही प्रवाह येतात.

मराठी वापरकर्त्यांपाशी अशी संघटना नव्हती. आय. बी. एम. ने १९७८ मध्ये भारतातील आपला व्यवहार आवरला होता. १९८० नंतर व्यक्तिगत संगणक येऊ लागले, तेव्हा त्यांवरील डॉस या प्रणालीच्या निर्मात्यांपर्यंत पोचण्याचा कोणताही रस्ता येथील कचेरीला किंवा छापखान्याला ठाऊक नव्हता. मागणी करण्याची सोय नसल्याने पहिला उपाय प्रणालीला वळसा घालण्याचा निघाला.

जोडकार्ड व इस्की : कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जे संशोधन केले, त्यातून १९८३ मध्ये देवनागरी संगणकाचा नमुना तयार झाला. पुणे येथे १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजेच सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर हे काम तेथे पुढे चालू राहिले व ‘जिस्ट’ या नावाने प्रसिद्धीस आले. जिस्ट कार्ड हे संगणकाच्या आतील खाचेत बसविण्याचे एक परिपथ-पत्र होते. कार्यक्रम पडद्यासाठी जे संकेत पाठवी, ते हे कार्ड आपल्याकडे घेई आणि त्यांतील भारतीय लिपीच्या संकेतांची जोडाक्षरे स्वतः जुळवून पडद्यावर दाखवी. कळफलकावरून येणारे संकेतही त्याच्या मार्फत जात. डॉसला याची गंधवार्ता नसे. वर्डस्टार, डीबेस यांसारखे केवळ इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रम त्यामुळे काहीही फेरफार न करता मराठीत चालू लागले. ज्या प्रणालीची एक ओळही बदलता येत नव्हती, तिच्या बाहेर उभे राहून तिच्याकडून मराठी लिहवून घेण्याची ही युक्ती होती आणि प्रस्तुत लेखकाच्या मते भारतीय संगणकविद्येतील ती एक अव्वल दर्जाची कल्पना ठरते.

या कार्डाबरोबर दोन गोष्टी आल्या व त्या कार्डापेक्षा अधिक काळ टिकल्या. पहिली ‘इनस्क्रिप्ट’ ही कळफलकाची मांडणी. १९८६ मध्ये ती शासकीय पातळीवर प्रमाण ठरली. तीत डाव्या हाताखाली स्वर व उजव्या हाताखाली व्यंजने असतात, आणि ज्या कळीवर ल तिच्याच वरच्या बाजूस ळ मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे ‘इस्की’ ही संकेतप्रणाली. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने ती प्रसिद्ध केली. तीत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांना हात न लावता उरलेल्या १२८ जागांमध्ये भारतीय वर्ण बसविले होते. सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांसाठी एकच तक्ता असल्यामुळे देवनागरीतील मजकूर केवळ लिपी बदलून तेलुगू किंवा कन्नडमध्ये दाखविता येई. महत्त्वाचे असे की, संकेत वर्णाला दिलेला होता, आकृतीला नव्हे. ‘न्हा’ हे जोडाक्षर कसे दिसावे हा प्रदर्शनाचा प्रश्न आणि ते कोणत्या वर्णांचे बनले हा साठवणीचा प्रश्न, असा भेद या तक्त्याने केला. हा भेद पुढे ज्यांनी मोडला, त्यांना त्याची किंमत द्यावी लागली.

टंकांची वहिवाट : डॉस मागे पडून विंडोज प्रणाली आल्यावर पडदा चित्ररूप झाला आणि कार्डाची युक्ती निरुपयोगी ठरली. विंडोजमध्ये टंक म्हणजे फाँट मात्र बाहेरून घालता येत होते. तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृती कोरलेले टंक तयार झाले. सी-डॅकचा आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा श्रीलिपी आणि आकृती हे संच या काळातले. प्रणालीच्या दृष्टीने संगणकात इंग्रजी अक्षरेच असत. टंक लावला की ती डोळ्यांना मराठी दिसत. अशा टंकात फार तर दोनशेच्या आसपास जागा मोकळ्या असतात व देवनागरीची जोडाक्षरे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून अक्षरांचे काने, अर्धे भाग, रफार अशा तुकड्यांना जागा देण्यात आल्या. कोणता तुकडा कोठे ठेवावा हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या सोयीने ठरविले.

छपाईपुरते हे पुरेसे होते आणि मराठी नियतकालिके, पुस्तके, निमंत्रणपत्रिका यांच्या अक्षरजुळणीत या संचांनी घडविलेली क्रांती नाकारता येणार नाही. खिळे जुळविण्याचे दिवस त्यांनीच संपविले. परंतु एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात उघडला, की त्याचा अर्थहीन अक्षरांचा ढीग होई. शोध चालत नसे, कारण संगणकात मराठी शब्दच नव्हते. अकारविल्हे क्रम लागत नसे. टपालाने पाठविलेल्या चकतीबरोबर टंकही पाठवावा लागे, आणि टंकाचा परवाना मात्र एकाच यंत्रापुरता असे. दहा-पंधरा वर्षांत मराठीत जे काही संगणकावर लिहिले गेले, त्याचा फार मोठा भाग अशा खाजगी संकेतांत अडकला. त्याचे रूपांतर करणारे कार्यक्रम पुढे निघाले. तरी अर्धा र, अनुस्वार व ऱ्हस्व वेलांटीच्या जागा यांत रूपांतराच्या चुका राहतात आणि प्रत्येक पान माणसाने वाचूनच शुद्ध करावे लागते. स्वतःपुरती सोय करून घेणाऱ्या वापरकर्त्याला ती सोय दुसऱ्याच्या यंत्रावर नेता येत नाही, हा या मार्गाचा दोष आहे.

वारणेचा प्रयोग : पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर उद्योगाच्या परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, राज्य शासन व वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० खेड्यांत संगणक-केंद्रे उघडण्याचे ठरविले. उसाची नोंद, तोडणीचा परवाना, खते, वजन व बिल यांची माहिती शेतकऱ्याला कारखान्यापर्यंत हेलपाटा न घालता गावातच, त्याच्या भाषेत मिळावी हा उद्देश होता. त्या वेळच्या विंडोजमध्ये देवनागरीची सोय नव्हती. त्यामुळे गावच्या केंद्रात मराठी अक्षर दिसावयाचे, तर ते वर सांगितलेल्या वळशाच्या मार्गानेच दिसणार, ही त्या काळची मर्यादा होती. पिकांचे बाजारभाव, शिक्षण, इंटरनेट अशा अनेक उपयोगांची अपेक्षा प्रारंभी व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग उसाच्या हिशोबापुरता राहिला.

पुढे बंगलोर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेच्या संशोधकांनी येथेच एक वेगळा प्रयोग केला व त्याची हकीकत २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइल फोनवरील लघुसंदेशांनी तीच माहिती देण्यात आली. संगणकाची सर्व कामे संदेशांनी पार पडली; खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ही पद्धत अधिक पसंत पडली. विंडोजच्याच निर्मात्यांच्या संशोधनसंस्थेने विंडोजचा संगणक बाजूला सारून हे दाखवावे, यात थोडा विनोद आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, आपल्याला हवी ती सोय प्रणालीत नसेल, तर वापरकर्त्यापुढे एक पर्याय नेहमी असतो : ती प्रणाली सोडून देणे. कोणत्याही अर्जाविना केलेली ही मागणी उत्पादकाला लवकर कळते. मात्र ज्याला दुसरे साधन उपलब्ध आहे, त्यालाच ती करता येते.

युनिकोडचा दरवाजा : सर्व लिप्यांना एकाच तक्त्यात स्थान देण्यासाठी अमेरिकेत युनिकोड कन्सॉर्टियम ही संस्था जानेवारी १९९१ मध्ये नोंदली गेली. मोठ्या संगणक कंपन्या तिच्या सभासद होत्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा विभाग होता व तो इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावरून घेतला होता. म्हणजे कानपूर व पुणे येथे वळसा घालण्यासाठी जे काम झाले, तेच जागतिक प्रमाणाचा पाया ठरले. वापरकर्त्याच्या दृष्टीने युनिकोडचे महत्त्व तांत्रिक गुणांहून वेगळ्या कारणासाठी आहे. मतदान सभासदांचे असले, तरी लेखी प्रस्ताव कोणालाही पाठविता येतो. प्रस्तावासोबत छापील नमुने, वर्णाचा उपयोग व क्रम यांचा पुरावा जोडावा लागतो. एकदा वर्ण तक्त्यात आला, की त्याची सोय करणे सर्व उत्पादकांवर नैतिकदृष्ट्या व व्यापारीदृष्ट्या बंधनकारक होते. कोणाचीही मूळ आज्ञावली न पाहता सर्वांच्याच प्रणालीत बदल घडविण्याचा हा मार्ग होय.

हा मार्ग मंद आहे आणि त्यातही चुका होतात, हे मराठीतील अर्ध्या र च्या उदाहरणावरून दिसते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांतही असाच फरक आहे. हिंदीला या दुसऱ्या आकृतीची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदीचा विचार करून तयार केलेल्या यंत्रणेत र नंतर हलन्त चिन्ह आले की रफारच उमटतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर असा तोडगा होता की, र व हलन्त यांपुढे ‘शून्य रुंदीचा जोडक’ नावाचा अदृश्य संकेत द्यावा. इस्कीत मात्र निराळी व्यवस्था होती. द्राविडी भाषांतील विशिष्ट र साठी तक्त्यात ऱ हा नुक्तायुक्त वर्ण होता. त्याचे अर्धे रूप म्हणजेच मराठीचा हा र असे तेथे मानले होते. युनिकोडने नंतर हीच रीत मुख्य ठरविली व जुनी रीतही चालू ठेवली. परिणामी डोळ्यांना एकसारखे दिसणारे ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कऱ्हाड’ हे शब्द आज दोन निरनिराळ्या संकेत-ओळींनी लिहिलेले आढळतात आणि शोधयंत्राने विशेष काळजी घेतली नसेल, तर एकाचा शोध घेताना दुसरा सापडत नाही. शेजारच्या कऱ्हाड शहराचा पत्ता शोधणाऱ्याला हा अनुभव येऊ शकतो. मराठी टंकलेखकाला दक्षिणेतील भाषांसाठी ठेवलेल्या कळीचा आधार घ्यावा लागतो, हीही यातली एक गंमत.

ॲ या अक्षराची कथा अशीच आहे. इंग्रजी शब्दांतील हा स्वर मराठीत अ वर चंद्र देऊन लिहितात; हिंदीत त्यासाठी ए वर चंद्र देतात. जुन्या तक्त्यात हिंदीचे रूप होते, मराठीचे नव्हते. मराठी लेखक अ ला चंद्राची मात्रा जोडून गरज भागवीत असत. स्वराला स्वरचिन्ह जोडणे नियमाबाहेरचे असल्याने काही प्रणाली तेथे रिकामे वर्तुळ दाखवीत. एप्रिल २००८ मधील ५·१ या आवृत्तीत ॲ ला स्वतंत्र संकेत मिळाला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये जी प्रमाण वर्णमाला जाहीर केली, तीत ॲ व ऑ यांचा समावेश आहे. तरीही पूर्वीच्या सवयीने जोडून लिहिलेले रूप आजही सर्वत्र दिसते आणि ही दोन रूपे तांत्रिकदृष्ट्या समान मानली जात नाहीत.

वर्णानुक्रमाचा प्रश्न कमी गाजला, पण मतदारयादी, ग्रंथसूची किंवा कोश करणाऱ्याला तो महत्त्वाचा आहे. संकेतांच्या क्रमांकानुसार ळ हा ल च्या लगेच पुढे येतो. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो व त्यापुढे क्ष, ज्ञ. भाषावार संकेत, तारखांची रूपे व वर्णक्रम यांचा ‘सीएलडीआर’ हा सामाईक माहितीसंग्रह युनिकोडकडे आहे. त्यात मराठीचा क्रम स्वतंत्रपणे नोंदलेला असून बहुतेक प्रणाली तेथूनच माहिती घेतात. वापरकर्ते त्यात सूचना व मते देऊ शकतात. आज्ञावलीतील निर्णय अशा रीतीने आज्ञावलीबाहेरच्या तक्त्यांत आणून ठेवणे, ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील फार उपकारक घडामोड म्हटली पाहिजे.

उत्पादकांचा प्रतिसाद व शासनाची खरेदी : विंडोज २००० या आवृत्तीत देवनागरीची सोय प्रथमच प्रणालीच्या अंगभूत आली. जोडाक्षरे जुळविणारी यंत्रणा व ‘मंगल’ हा टंक तीत होता. मंगलचे आरेखन सुलेखनकार र. कृ. जोशी यांचे. हिंदीबरोबर मराठी, कोंकणी व संस्कृत यांची नावे भाषांच्या यादीत दिसू लागली. तथापि त्यानंतरच्या विंडोज एक्सपीतही ही सोय आपोआप चालू होत नसे. ‘गुंतागुंतीच्या लिप्यां’साठी असलेला पर्याय निवडून मूळ सीडीवरून काही फाइली घ्याव्या लागत. ज्या कचेरीत सीडी हाताशी नसे, तेथे विकत घेतलेली सोय असून नसल्यासारखी होती आणि जुना टंकच वापरात राही. २००७ मधील व्हिस्टापासून ही अडचण उरली नाही. सोय निर्माण होणे व ती वापरकर्त्याला गवसणे यांत सात वर्षे गेली.

या अवधीत शासन हा मोठा ग्राहक काय करू शकतो, हेही दिसून आले. केंद्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून अधिसूचित केले. खाजगी संकेतांतील टंकांचे बस्तान त्यामुळे कायद्याच्या पातळीवर उठले. प्रत्यक्षात ते उठण्यास बराच वेळ लागला. शासनाने मनावर घेतल्यास काम किती त्वरेने होते, याचे उदाहरण रुपयाच्या चिन्हाचे. १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने उदय कुमार यांनी आरेखिलेले चिन्ह स्वीकारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील युनिकोड ६·० मध्ये ते दाखल झाले आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या ग्राहकांना ते अद्ययावत संचाद्वारे पुरविले. ॲ ला १९९१ ते २००८ असा सतरा वर्षांचा काळ लागला, रुपयाला तीन महिनेही लागले नाहीत. दोघांमधील अंतर तांत्रिक अडचणींचे नव्हते. एकामागे मंत्रिमंडळ होते. दुसऱ्यामागे ‘ॲ’ लिहिणारी माणसे होती, पण त्यांचा एकत्रित आवाज नव्हता.

मुक्त आज्ञावली : लिनक्ससारख्या प्रणालींची मूळ आज्ञावली खुली असल्याने तेथे मागणी करण्याऐवजी काम करून दाखविता येते. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘इंडलिनक्स’ या उपक्रमाने भारतीय भाषांतील भाषांतरांना चालना दिली. ग्नोम व केडीई या पडदा-व्यवस्थांची मराठी भाषांतरे स्वयंसेवकांनी केली. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्याखाली खुले केले आणि कंपनीच्या पुणे येथील अभियंत्यांनी त्यांची देखभाल केली. अर्धा र चुकतो, अशी तक्रार कोणी जाहीर नोंदवहीत केली, तर ती सर्वांना दिसे, तिच्यावर चर्चा होई व दुरुस्तीही तेथेच नोंदली जाई. मराठी वापरकर्त्यांपैकी मूळ आज्ञावलीला प्रत्यक्ष हात लावणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. बाकीच्यांना फायदा झाला तो पुण्यात बसलेला कोणीतरी ती वाचू शकत होता म्हणून. ‘हार्फबझ’ ही अक्षरे जुळविणारी खुली यंत्रणा लिनक्स, अँड्रॉइड, फायरफॉक्स व क्रोम यांत वापरली जात असल्याने एका ठिकाणची दुरुस्ती अनेक ठिकाणी पोचते.

येथे एक अपवाद नोंदविणे आवश्यक आहे. अँड्रॉइडची मूळ आज्ञावली बव्हंशी खुली आहे; तथापि २०११ च्या अखेरीस ४·० ही आवृत्ती येईपर्यंत पुष्कळ फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी किंवा मोडलेली अक्षरे दिसत. आज्ञावली वाचता येते, पण ती आपल्याच फोनमध्ये बसविण्यास उत्पादकाने कुलूप घातलेले, अशी ती स्थिती होती. मूळ आज्ञावली पाहावयास मिळणे व ती बदलून वापरता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१४ मधील ५·० या आवृत्तीपासून अँड्रॉइडच्या सूचनाही मराठीत मिळू लागल्या.

मोडी लिपी : पन्हाळा हे १७८२ पर्यंत करवीर राज्याच्या राजधानीचे ठिकाण होते. त्या राज्याचा पत्रव्यवहार, हिशोब, वतनांची व इनामांची कागदपत्रे मोडीत आहेत. विसाव्या शतकात मोडी शिक्षणातून व कचेऱ्यांतून गेली आणि संगणक आला तेव्हा तिला मागणी करणारा ग्राहकच उरला नव्हता. तिच्यासाठी कोणतीही कंपनी आपली प्रणाली बदलण्याची शक्यता नव्हती. असे असूनही अंशुमन पांडे यांनी हस्तलिखिते, शिळाछापाची पुस्तके व लिपीपाठ यांचे पुरावे जोडून २०११ मध्ये सविस्तर प्रस्ताव मांडला. जून २०१४ मधील युनिकोड ७·० मध्ये मोडीच्या ७९ वर्णांना संकेत मिळाले.

यापुढील पायरी विशेष मननीय आहे. पूर्वी प्रत्येक लिपीसाठी अक्षरजुळणीची स्वतंत्र आज्ञावली लिहावी लागे आणि ती कंपनीखेरीज कोणी लिहू शकत नसे. विंडोज १० बरोबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक सामायिक यंत्रणा आणली. ती वर्णांचे गुणधर्म युनिकोडच्या तक्त्यांतून घेते व आकृत्यांचे नियम टंकातून. तिचे वर्णन प्रसिद्ध असल्याने हार्फबझनेही ती पद्धत स्वीकारली. मोडी या यंत्रणेच्या कक्षेत येते. नवी लिपी पडद्यावर आणण्यासाठी तक्त्यातील नोंद व नियमबद्ध टंक एवढे असले, की परिचालन प्रणालीच्या मूळ आज्ञावलीस हात लावण्याची गरज त्यामुळे राहिली नाही. गूगलच्या ‘नोटो’ मालिकेत मोडीचा मुक्त टंक उपलब्ध आहे.

कोल्हापूरच्या पुरालेखागारातील कागद मात्र छापील वळणाचे नाहीत. लेखणी न उचलता लिहिलेल्या त्या ओळींत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि संक्षेपांची चिन्हे लेखकागणिक बदलतात. त्यांचे देवनागरीतील लिप्यंतर अजून मुख्यतः मोडी जाणणारे वाचक हातानेच करतात. ते लिप्यंतर संगणकावर लिहिताना ‘कऱ्हाड प्रांत’ यासारख्या शब्दांतील अर्धा र कोणत्या रीतीने नोंदवावा, हे प्रत्येक संपादकाला कामाच्या आरंभीच ठरवून घ्यावे लागते.